वचनं सगळी पाठ, तरी पोरगा खोटं का बोलला?

बेळगावजवळच्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय. नाव, गाव, चर्चची मंडळी सगळं काढून थोडक्यात देते.

मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत, इंग्लिश मिडियम. संडे स्कूलचा एक रविवार चुकवत नाही, गेल्या नाताळात बायबलमधल्या वचनांच्या पाठांतरात पहिला आला. घरी रोज रात्री कुटुंब प्रार्थना असते. महिन्याचं दानाचं पाकीट, तीनशे रुपयांचं, लहानपणापासून तोच चर्चमधल्या दानाच्या थाळीत टाकतो. मागच्या रविवारी खजिनदारांनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दोन महिने तुमचं पाकीट आलं नाही, घरी सगळं बरं आहे ना?" घरी येऊन मुलाला विचारलं तर म्हणाला, "टाकलं की." दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. मग वडिलांनी पट्टा काढला तेव्हा कबूल झाला. थोडे पैसे चुरमुऱ्याच्या गिरमिटात आणि भजीत गेले, थोडे गल्लीतल्या पोरांबरोबर बॅट-बॉलच्या पट्टीत, म्हणजे वर्गणीत. तेव्हापासून तो धड बोलत नाही, प्रार्थनेच्या वेळी पोटात दुखतंय म्हणून झोपून राहतो. सासूबाई म्हणतात हे सगळं गल्लीतल्या बाहेरच्या, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्या, पोरांमुळं, गणपती मंडळात बसतो म्हणून. नवरा म्हणतो बोर्डिंगला टाकूया. आई विचारते, "आम्ही कुठं कमी पडलो? पास्टरांना सांगू का? मंडळीत आमची साक्ष गेली, आता तोंड कसं दाखवायचं?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना माझ्याच पोटात गोळा आला, कारण सत्तावीस वर्षं मी संडे स्कूल घेतलीय आणि अशी आई वर्गाच्या दारात उभी राहून रडताना मी बघितलीय, एकदा नाही बऱ्याचदा. म्हणून आधी एवढं सांगते, तुमचा पोरगा वाया गेलेला नाही. पण सहाशे रुपये म्हणजे किरकोळ गोष्ट असंही मी म्हणणार नाही. दानाचे पैसे घेणं ही चोरीच आहे आणि "टाकलं की" हे खोटंच आहे, आणि अकरा वर्षांच्या पोराला दोन्ही कळतं. कळतं म्हणूनच त्याच्या पोटात दुखतंय. ते दुखणं खोटं नाही ताई, त्याला नाटक म्हणू नका.

आता जरा तुमच्या पत्राबद्दल बोलू का? रागावू नका. तुमच्या मूळ पत्रात मंडळी काय म्हणेल, पास्टर काय म्हणतील, जाऊबाई काय म्हणतील, असं मी मोजलं तर पाच ठिकाणी आहे. मुलाला काय वाटत असेल हे एकाच ठिकाणी आहे आणि तिथं पण तुम्ही "काय वाटत असेल देव जाणे" एवढं लिहून पुढं गेलाय. मी तुम्हाला दोष देत नाही, आपण सीमाभागातली माणसं, आपली मंडळी लहान, दोनशे-अडीचशे घरांत सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. अशा ठिकाणी मुलाचं वागणं ही आपली साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा दाखला, होऊन बसते. पण साक्ष हा शब्द आपण नीट वापरतो का? कोर्टात साक्षीदार काय करतो, जे घडलं ते सांगतो. चांगलं दिसावं म्हणून सांगितलेलं असेल तर ती खोटी साक्ष. घरात जे आहे ते झाकून मंडळीत छान दिसायचं हे जर आपण रोज करत असू तर मुलगा तेच शिकतो, पाकीट रिकामं असलं तरी "टाकलं की" म्हणायचं.

अजून एक वाक्य. तुम्ही लिहिलंय की पट्टा बसल्यावर तो रडत म्हणाला, "सगळे पट्टी द्यायले होते, मी एकटाच देत नव्हतो." आणि लगेच पुढच्या ओळीत तुम्ही बोर्डिंगच्या फीबद्दल लिहिलंय. मी त्या वाक्यावर थांबले. गल्लीत मॅच असते, प्रत्येकानं वीस-तीस रुपये काढायचे असतात, जो देत नाही तो शेवटी बॅटिंगला किंवा नुसता बॉल आणायला. त्यानं घरी मागितले असते तर मिळाले असते का? खरं सांगा. "खेळायला पैसे कशाला, अभ्यास कर" असंच उत्तर आलं असतं का? मी त्याची बाजू घेत नाही. पण मुलाच्या हातात स्वतःचा असा एक रुपया नाही आणि देवाचे तीनशे रुपये दर महिन्याला त्याच्याच खिशातून जातायत, हे गणित अवघड आहे ताई, मोठ्या माणसाला पण अवघड जाईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते हे. तुमच्या घरात खरं बोलायला काय किंमत पडते? पहिल्यांदा विचारलं तेव्हा खरं बोलला असता तर पट्टा बसला असता. खोटं बोलला तर निदान शक्यता होती की वाचेल. म्हणजे खोटं स्वस्त आणि खरं महाग. आपण वचन शिकवतो "सत्य तुम्हाला बंधमुक्त करील" आणि घरातला भाव उलटा ठेवतो. मूल भाव बघून चालतं, आपण पण बाजारात तेच करतो की.

माझ्याच घरातलं सांगते. वीस-बावीस वर्षं झाली. मी आणि माझी मुलगी खानापूरहून बेळगावला एसटीनं येत होतो, तिथल्या एका उपासनेहून, माझ्या मांडीवर पवित्र शास्त्र आणि त्यावर टिफिनची पिशवी. बारा वर्षांपर्यंत हाफ तिकीट होतं आणि पोरगीला बारा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. कंडक्टरनं विचारलं, "पोरीला किती वर्षं?" मी म्हटलं, "अकरा." सहज तोंडातून गेलं. चार-पाच रुपयांचा फरक असेल. पोरगी खिडकीतून बाहेर बघत होती, ती वळली आणि माझ्याकडं बघितलं, बोलली काही नाही. रात्री भाकरी करताना मागं येऊन उभी राहिली आणि विचारलं, "मम्मी, आज मी अकराची होते का बाराची?" तव्यावरची भाकरी करपली त्या दिवशी. आधी मला रागच आला, लहान तोंडी मोठा घास वगैरे म्हणणार होते. मग खाली बसले आणि म्हटलं, "बाराची होतीस. मी खोटं बोलले. चार रुपये वाचवायला खोटं बोलले." पुढच्या खेपेला बसमध्ये मी कंडक्टरला पैसे दिले, एक हाफ तिकीट जास्त घेतलं आणि तिच्यासमोर फाडून टाकलं. कंडक्टर खुळ्यागत बघायला लागला, त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं. आज ती पोरगी पुण्यात नोकरीला आहे, तिला मी शिकवलेली वचनं किती आठवतात मला माहीत नाही, पण ते फाडलेलं तिकीट तिला आठवतं, अजून फोनवर विषय निघतो.

म्हणून मी विचारते, तुमच्या मुलानं तुम्हाला दोघांना कधी "माझं चुकलं" म्हणताना ऐकलंय का? त्याला? सासूबाईंना? भाजीवाल्याला? प्रार्थनेत आपण सगळे म्हणतो "आम्ही पापी आहोत प्रभू," पण ते मोघम पाप. मोघम पापाला काही लागत नाही. मूल बघत असतं की अमुक गोष्ट, मंगळवारी, मी तुला विनाकारण बोलले, ती माझी चूक, असं कोणी म्हणतं का.

आता पाठांतराकडं येते, कारण तुमचा सगळा धक्का तिथं आहे, "पहिला नंबर आलेला पोरगा असं कसं करेल?" ताई, मी स्वतः त्या स्पर्धा घेतल्यात, कप वाटलेत, आणि मी पाठांतराच्या विरोधात नाही. लहानपणी पाठ केलेलं तेविसावं स्तोत्र माझ्या आईला शेवटच्या आजारात, बाकी सगळं विसरल्यावर, तोंडात होतं. ते डब्यात भरून ठेवलेल्या धान्यासारखं आहे, कधीतरी कामाला येतं. पण भरलेला डबा म्हणजे जेवण झालं असं होत नाही. आणि दुसरं, डब्यात काय भरलंय हे मुलाला कळतं का? एक करून बघा. नीतिसूत्रे २२:६ त्याला पाठ असणार, "मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे, म्हणजे वृद्धपणीही तो त्यापासून परावृत्त होणार नाही." त्याला विचारा परावृत्त म्हणजे काय. मी वर्गात विचारलं होतं, एक म्हणाला परावृत्त म्हणजे म्हातारा, एक म्हणाला एखादं गाव. हसू नका, पोरांची काय चूक, शाळेत इंग्लिश, दुसरी भाषा कन्नड, गल्लीत निम्मं कन्नड निम्मं मराठी, आणि शास्त्राची मराठी फक्त रविवारी. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं कशात घालवली, साध्या बायका-माणसांना समजेल अशा मराठीत बायबल यावं म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर करण्यात. १९२२ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत तेच काम. त्यांना कळलं होतं की न कळणारं वचन कानावरून जातं. तुम्ही पण त्याला तो ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत सांगा, मग ते इंग्लिश असो, कन्नड असो की आपली खिचडी. देवाला व्याकरण लागत नाही.

आणि त्याच वचनात "मुलाच्या स्थितीस अनुरूप" असं आहे, ते आपण घाईत वाचून जातो. या मुलाच्या स्थितीला. जाऊबाईंच्या मुलाच्या नाही, पास्टरांच्या मुलाच्या नाही.

तुमच्या मिस्टरांबद्दल लिहिताना मी जपून लिहिते, कारण हे सदर ते पण वाचतील आणि मला वाटतं ते मुलावर प्रेम करतात म्हणूनच घाबरलेत. फौंड्रीत दिवसभर भट्टीसमोर उभं राहून कमावलेले पैसे, त्यातून देवाचा वाटा काढलेला, तो पोरानं भज्यात घातला, कोणाचंही डोकं तापेल. पण "जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी" हे वचन दाखवून पट्टा मारणं, यावर मला बोलायलाच हवं. नीतिसूत्रात छडीसाठी जो मूळ हिब्रू शब्द आहे तोच तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातात आहे, "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." तिथं काठी धीर देते. आपल्याकडं सुगी झाली की धनगर मेंढरं घेऊन उतरतात, शेतात बसवतात, तुम्ही पण बघितलंय. त्यांच्या हातातल्या लांब काठीचं काय काम असतं ते कधी उभं राहून बघा. मी एकदा देसूरच्या रस्त्याला बस बंद पडली म्हणून अर्धा तास बघत बसले होते. म्हातारा धनगर आकडीनं बाभळीची उंच फांदी ओढून खाली धरत होता, कोकरांचं तोंड पोचत नव्हतं म्हणून. एक मेंढरू रस्त्यावर आलं तर काठी त्याच्या पुढं आडवी धरली. कुत्रं आलं तेव्हा मात्र काठी उगारली, ती कुत्र्यावर. त्या अर्ध्या तासात मेंढराच्या पाठीत एक पण फटका बसला नाही. मिस्टरांना हे सांगा, माझ्या नावानं सांगा. आणि इफिसकरांस ६:४ पण त्यांच्यासमोर ठेवा, पौल तिथं बापांनाच नाव घेऊन सांगतो, "आपल्या मुलांना चिरडीस आणू नका." शिस्त लावू नका असं तो म्हणत नाही, पुढच्याच शब्दात प्रभूची शिस्त आहे. चिरडीस आणू नका म्हणतो.

मिस्टरांनी मुलाला "तू चुकलास पण मी पण पट्टा काढायला नको होता" एवढं एक वाक्य म्हटलं तर काय होईल, याचा विचार करा. घरातला बाप लहान होईल असं वाटतं आपल्याला. होत नाही ओ. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप पोरगा अजून लांब आहे तोपर्यंत धावत सुटतो, आपल्या गावात वयस्कर माणूस पोरासाठी रस्त्यानं पळत गेला तर लोक काय म्हणतील तेच तिथं पण म्हणाले असतील, तरी पळाला. मिस्टरांना एकदम पटणार नाही. तुम्ही वाद घालू नका, ते रागावलेले नसतील अशा वेळी, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बोला, आणि मुलासमोर त्यांना चूक ठरवू नका.

सासूबाईंचं. त्यांचा जीव आहे नातवावर हे दिसतंच, आणि आजीचा हात मोठा असतो या कामात. पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो तेव्हा त्याच्या आजीचं नाव घेतो, लोईस, मग आईचं, युनीके, म्हणतो हा विश्वास आधी त्यांच्यात होता. पण गल्लीतली पोरं बाहेरची म्हणून चोरी शिकवतात हे काही खरं नाही. बॅटला पट्टी काढणं हे कुठल्या धर्मात चोरी शिकवणं झालं? ती पोरं आपल्या घरून पैसे मागून आणत होती, तुमचा मुलगा मागू शकला नाही, एवढाच फरक. त्यांची संगत तोडली तर तो दोन गोष्टी शिकेल, एक, आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारता येते, आणि दोन, ख्रिस्ती असणं म्हणजे एकटं असणं. नाताळात तुमच्या करंज्यांची ताटं त्याच गल्लीत जातात ना? आणि पावसाळ्यात पत्रे उडाले तर धावून येणारे पण तेच ना? गणपतीच्या दिवसात आरतीला, प्रसादाला काय करायचं हे प्रत्येक ख्रिस्ती घर आपापल्या विवेकानं ठरवतं, तुम्ही पण ठरवा आणि मुलाला कारण सांगून ठरवा, "आपण हे का करतो, ते का करत नाही." कारण न सांगता नुसतं "तिकडं जायचं नाही" म्हटलं की तो चोरून जाईल, म्हणजे अजून एक खोटं वाढलं.

बोर्डिंग? माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नाही. कधी शिक्षणासाठी पाठवायचं असेल तर तो वेगळा विषय, बोर्डिंगला जाऊन चांगली झालेली मुलं मला माहीत आहेत. पण चोरीनंतर लगेच पाठवलं की त्याच्या मनात कायमचं बसेल की मी चुकलो म्हणून मला घरातून काढलं. आणि जे त्याला शिकायचंय ते घरातच शिकता येतं, दुसऱ्याला फी देऊन ते होत नाही.

पास्टरांना सांगायचं का? सांगा, पण मुलाला विचारून, आणि तक्रार म्हणून नको. पास्टरांनी सगळ्या वर्गासमोर "आठवी आज्ञा काय", म्हणजे चोरी करू नको, असा विषय काढला तर पोरगा पुन्हा चर्चमध्ये पाय ठेवायचा नाही, एका मुलीच्या बाबतीत मी हे होताना बघितलंय, ती मंडळी सोडून गेली ती गेलीच. शहाणे पास्टर असतील तर ते त्याला वेगळं घेऊन बसतील. खजिनदारांनी ज्या पद्धतीनं तुम्हाला बाजूला घेऊन, "घरी सगळं बरं आहे ना" असं विचारलं, तो माणूस मला आवडला. त्यांच्यापासून सुरुवात करा असं माझं म्हणणं आहे.

कसं ते सांगते. मुलाला जक्कयची गोष्ट माहीत आहे, उंबराच्या झाडावर चढलेला बुटका जकातदार. आपण झाडावर चढण्याचं गाणं शिकवतो आणि पुढचं सोडून देतो. येशू त्याच्या घरी उतरायला गेला, आधी घरी गेला हे लक्षात घ्या, हिशेब नाही मागितला, आणि मग जक्कय स्वतः उठून म्हणाला, कोणाचं घेतलं असेल तर चौपट परत देतो. चौपट नको आपल्याला. सहाशे पुरेत. पण ते मुलानं परत करायचेत, तुम्ही गुपचूप भरायचे नाहीत. त्याच्याकडं पैसे कुठले? म्हणून आधी त्याला महिन्याला थोडा हातखर्च सुरू करा, शंभर असो, दीडशे असो, तुमच्या घराला झेपेल तो, आणि त्यातला ठरलेला भाग तो परतफेडीला काढेल, बाकीचा त्याचा, त्यात बॅटची पट्टी आली, गिरमिट आलं, तो काय करतो विचारायचं नाही. सात-आठ महिने लागतील. लागू देत. पहिला हप्ता घेऊन तो स्वतः खजिनदारांकडं जाईल, तुम्ही बरोबर जा पण बोलू द्या त्यालाच. काय बोलायचं ते पाठ करून घेऊ नका, अडखळला तर अडखळू दे. आणि त्यांना आधी फोन करून सांगून ठेवा की पोरगा येतोय, लेक्चर देऊ नका, रक्कम घ्या, वहीत लिहा आणि थँक्यू म्हणा. शेवटचा हप्ता भरला की विषय संपला, नंतर कधी भांडणात "तू चोर होतास" असं घरात कोणाच्याही तोंडातून येता कामा नये, सासूबाईंच्या पण नाही. हे तुम्हाला सांभाळावं लागेल.

दान म्हणजे काय हे पण त्याला हातानं कळू दे. आमच्या आजीच्या वेळी बायका रोज भात लावताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायच्या, महिन्याअखेर तो डबा चर्चला जायचा. मी पाच-सहा वर्षांची असेन, आजी माझी मूठ धरून डब्यावर उघडायची, लहान मूठ, पंधरा-वीस दाणे खाली सांडायचे आणि ती म्हणायची, "सांडलेलं चिमणीचं, डब्यातलं देवाचं." आमच्या ताटातला भात त्या दिवशी तेवढा कमी असायचा, हे मला दिसायचं. बंद पाकिटात हे दिसत नाही. मुलाच्या हाती बापाचे पैसे जातायत आणि त्याचं स्वतःचं त्यात काही कमी होत नाही, मग ते त्याला आपलं देणं कसं वाटेल. त्याच्या हातखर्चातले पाच रुपये गेले तर त्याला कळेल. कापणीच्या सणाला तुमच्याकडं भाजी, नारळ, कोंबडी आणून लिलाव होतो ना? या वर्षी परसात त्याला चार वांग्याची, मिरचीची झाडं लावू द्या, पाणी त्यानं घालायचं, तीच तिथं न्यायची.

रात्रीची प्रार्थना. तो पोट धरून झोपतो तर झोपू द्या काही दिवस, ओढून आणू नका. पण बाकीच्यांनी प्रार्थना आखडती घ्या, दहा मिनिटं बास. आमच्या घरी वडील पाऊण तास करायचे आणि आम्ही पोरं गुडघ्यावर झोपायचो, त्या झोपेतून काही चारित्र्य घडलं असं मला वाटत नाही. एखादं भजन म्हणा, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आपल्या वारकरी वळणाची आहेत, अभंगासारखी, पोरांच्या तोंडात लगेच बसतात. आणि प्रार्थनेत मुलाला टोमणे नको, "प्रभू, आमच्या मुलाला सुबुद्धी दे, त्याचं वाईट मार्गापासून रक्षण कर," हे तो आतल्या खोलीतून ऐकतोय. देवाच्या नावानं पोराला बोललेलं त्याला दुप्पट लागतं. त्यापेक्षा स्वतःबद्दल मागा, "मला राग आवरायला शिकव."

वचन निवडायचं तर मत्तय २१ मधला दोन मुलांचा दाखला घ्या. बाप एकाला म्हणतो मळ्यात जा, तो म्हणतो जात नाही, पण मागून पस्तावून जातो. दुसरा म्हणतो जातो महाराज, आणि जात नाही. कोणी बापाचं ऐकलं? हे विचारा आणि गप्प बसा. उत्तर त्याला येऊ दे. तो कदाचित म्हणेल, "मी दुसरा आहे." त्यावर तुम्ही काय म्हणाल ते मी सांगत नाही, पण तुम्ही दोघं कधी दुसरा होता ते आठवत असेल तर सांगा त्याला.

आणि त्याला प्रश्न विचारू द्या, अवघड प्रश्न पण. अकरा-बारा हे प्रश्नांचं वय. येशू पण बारा वर्षांचा असताना मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत होता असं लूक लिहितो. मरीयेनं तीन दिवस शोधलं, किती रडली असेल, सापडल्यावर तिनं पण आधी विचारलंच, तू असं का केलंस. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी आपल्याच बेळगावात १८३१ साली जन्मले, इथल्याच मिशन शाळेत शिकले, आणि एका दिवसात विश्वासात आले नाहीत, वर्षानुवर्षं वाचत, वाद घालत, स्वतःशी भांडत १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपली मुलं विश्वासात जन्मतात म्हणून आपल्याला वाटतं की त्यांना हे भांडण करायची गरजच नाही. असते. "देव बघतो तर त्यानं मला पाकीट काढताना का थांबवलं नाही?" असं त्यानं विचारलं तर दचकू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आपण दोघं मिळून पास्टरांना विचारूया म्हणा.

एक काळजीचं बोलते. दोन-तीन आठवड्यांत तो बोलायला लागेल असं मला वाटतं. पण जेवण-झोप तशीच बिघडलेली राहिली, शाळेत जायला नको म्हणू लागला, किंवा जिवाचं काही बरं-वाईट बोलला तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरला पण दाखवा, यात विश्वास कमी असण्याचा प्रश्न नाही, ताप आला तर आपण गोळी देतोच. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत, आपल्या भाषेत बोलता येतं. आणि घरात मारणं हाताबाहेर जातंय असं कधी वाटलं तर मुलांसाठीचा १०९८ आहे. तुमच्या घराला तो लागेल असं मला वाटत नाही, पण हे सदर बाकीच्या आया पण वाचतात, त्यांनी लिहून ठेवा.

या महिन्याचं पाकीट आता कोणी टाकायचं असं तुम्ही शेवटी विचारलंय, आता त्याच्या हाती द्यायचं नाही असं मिस्टर म्हणतात. त्याच्याच हाती द्या ताई. पैसे त्याच्यासमोर मोजून आत घाला, त्याचे पाच-दहा जे असतील ते त्याला घालू दे, चिकटवायचं त्यानंच. आणि रविवारी थाळी बाकावर येईल तेव्हा तुम्ही पुढं बघत राहा, गाण्याच्या पुस्तकात बघा, कुठंही बघा, त्याच्या हाताकडं बघू नका.